फी फी, को हा, क्राबी : चुनखडीच्या बेटांभोवती डायव्हिंग, ओपन वॉटरवाल्यांनी काय सांभाळावं?

हळूकासव

नमस्कार मंडळी. जानेवारीत दक्षिण थायलंडला, अंदमान समुद्राच्या बाजूला जायचं घाटतंय. मी आणि बायको, दोघांचंही ओपन वॉटर (डायव्हिंगचं पहिलं प्रमाणपत्र, १८ मीटर खोलीपर्यंतचं) हॅवलॉकला झालंय. डाइव्ह मोजक्याच आणि त्यालाही वर्ष होऊन गेलं. सोबत मेव्हणा येतोय. त्याने मालवणला डाइव्ह केलंय, सर्टिफिकेट आहे असं तो म्हणतो.

आत्तापर्यंत जे काही पाहिलंय ते सगळं उताराचं, वाळूचं. तिथे म्हणे पाण्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे कडे आहेत आणि खालीही तशाच भिंती, कपारी, गुहा. तारखा सध्या पौष पौर्णिमेला धरून चार दिवस अशा काढल्यात, कारण रजा तशी जुळते. मुक्काम कुठे करावा, गुहांमध्ये ओपन वॉटरवाल्यांना जाता येतं का, आणि आम्हा दोघांचीही हवा लवकर संपते त्यावर काय करावं, हे मुख्य प्रश्न. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

पाणकावळा

बाकी सगळं नंतर, आधी तारखा बदला.

क्राबी-फुकेतच्या पट्ट्यात दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक अडीच-तीन मीटरपर्यंत जातो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला, तो मीटरभर किंवा त्याहूनही कमी असतो. फी फीच्या उत्तरेला फांग न्गाचा उपसागर आहे. उथळ, तळाला गाळ, काठाने खारफुटी. उधाणाच्या दिवसांत एवढं पाणी सहा-सहा तासांत आत-बाहेर करतं आणि गाळ उठवून बेटांपर्यंत आणून सोडतं. एरवी जिथे १५-२० मीटर लांबचं दिसतं तिथे मग ५-८ मीटरवर भागवावं लागतं. शिवाय पाण्याला ओढ असते ती वेगळीच.

उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी कळसाला पोचतो. भांगही तसाच अष्टमीच्या थोडा मागून, नवमी-दशमीला येतो. म्हणजे तुम्ही काढलेले चार दिवस महिन्यातले सगळ्यात गढूळ आणि सगळ्यात ओढीचे. आठवडाभर पुढे सरका, कृष्ण सप्तमी ते एकादशी हा पट्टा पकडा. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी असतेच, वेगळं काही शोधायला नको. मात्र आपल्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात ते गणित तिथे लावू नका, ते आपल्या किनाऱ्याचं आहे. वेळेसाठी थाई नौदलाच्या जलालेखन विभागाची भरतीची कोष्टकं असतात. फुकेतसाठी को तफाओ नोई हे ठाणं बघायचं. त्यावरून दिवस ठरवा, तास नको. बेटाच्या टोकाशी पाणी नेमकं कधी थांबतं हे कोष्टकाच्या भरतीच्या वेळेशी जुळेलच असं नाही, ते तिथल्या गाइडलाच ठाऊक असतं.

हंगाम तुमचा बरोबर आहे. नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र शांत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात लांताचं राष्ट्रीय उद्यान मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत बंदच असतं आणि को हाची बेटं, हिन देंग आणि हिन मुआंग हे समुद्रातले खडक, हे सगळं त्यातच येतं. जानेवारी-मार्चमध्ये एक त्रास असतो: वर पाणी २८-२९ अंश आणि १५-२० मीटरच्या खाली अचानक २४-२५ अंशांचा, हिरवट धूसर थर. अंदमान समुद्रात पाण्याच्या आतल्या आत मोठ्या लाटा चालतात, त्या खोलवरचं गार पाणी वर ढकलतात. म्हणून दुकानातला अर्ध्या बाह्यांचा शॉर्टी नको, पूर्ण ३ मिमी सूट मागा. गारठलेला माणूस हवाही जास्त ओढतो.

मुक्कामाचं थोडक्यात सांगतो. क्राबीच्या किनाऱ्यावर आओ नांगला राहून जवळपासच्या बेटांवर डाइव्ह करू नका. ते किनाऱ्याला फार जवळ, पाणी गढूळ. फी फी डॉनवर तोन साईला राहिलात तर फी फी ले आणि दक्षिणेकडची बिदा नोक, बिदा नाई ही बेटं अर्ध्या तासाच्या आत. को लांताला राहिलात तर को हा सोपं पडतं आणि पाणी बहुतेक वेळा फी फीपेक्षा स्वच्छ. फुकेतला चालोंगच्या धक्क्यावरून मोठ्या बोटी सुटतात, पण दिवसातला बराच वेळ जाण्या-येण्यात. चार दिवस आहेत तर दोन फी फी, दोन लांता असं करा. फेरी आहे.

मेव्हण्याबद्दल: मालवणला मिळालेलं बहुधा ट्राय डाइव्हचं (प्रशिक्षकाचा हात धरून मारलेल्या एका डाइव्हचं) प्रमाणपत्र असणार. त्यावर संस्थेचा डायव्हर क्रमांक आहे का आणि तो त्या संस्थेच्या साइटवर टाकला की नाव येतं का, एवढं तपासा. येत नसेल तर तिथे त्याला तुमच्याबरोबर पाण्यात सोडणार नाहीत. प्रशिक्षकाबरोबर १२ मीटरपर्यंतचं ओळखडाइव्ह करता येईल किंवा तीन-चार दिवस देऊन पूर्ण ओपन वॉटर. वाचनाचा आणि स्विमिंग पूलचा भाग पुण्या-मुंबईत उरकून समुद्रातल्या चार डाइव्ह तिथे करता येतात. त्यासाठी इथल्या प्रशिक्षकाकडून रेफरलचे, म्हणजे तेवढा भाग पुरा झाल्याचे, कागद घ्यायचे.

---

अडीच_बार

हवेचा प्रश्न नेमका विचारलाय, तेव्हा हिशेबच मांडतो.

तिथे सर्रास मिळतो तो अॅल्युमिनियमचा ११.१ लिटरचा सिलिंडर, २०० बार भरलेला. म्हणजे साधारण २२२० लिटर हवा. ५० बार राखून ठेवायचे, ते ५५५ लिटर. वापरायला उरतात १६६५.

नवखा माणूस पाण्याच्या पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर ओढतो असं धरा. १० मीटरवर दाब २ बार, म्हणून ४० लिटर, हवा पुरते ४१ मिनिटं. १५ मीटरवर अडीच बार, ५० लिटर, ३३ मिनिटं. १८ मीटरवर ५६ लिटर, जेमतेम अर्धा तास. आता यात ओढीविरुद्ध पाय मारत राहिलात की श्वास सहज दुप्पट होतो. १५ मीटरवर मिनिटाला १०० लिटर, आणि सोळा मिनिटांत खेळ खलास. म्हणून पाणकावळा म्हणतात ते तिथीचं प्रकरण नुसतं दृश्यतेचं नाही, थेट तुमच्या सिलिंडरचं आहे. १८ मीटरला कोष्टकाप्रमाणे विनाथांब्याची मुदत (वर येताना सक्तीचे थांबे न घेता तिथे राहता येतं तेवढा वेळ) ५६ मिनिटं आहे. तुम्ही तिथवर पोचणारच नाही, हवा आधी संपेल. तेव्हा नायट्रॉक्सवर (ही मुदत वाढवणाऱ्या, जास्त ऑक्सिजनच्या हवेवर) पैसे घालवू नका. काही दुकानांत जास्तीचे पैसे देऊन १५ लिटरचा सिलिंडर मिळतो. दोघांपैकी जो जास्त ओढतो त्याने तो घ्यावा.

दुसरं कारण वजन. भाड्याच्या बोटीवर घाईत 'सहा किलो घे' म्हणून पट्टा हातात देतात. वजन जास्त झालं की ते तोलायला बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटात) हवा भरावी लागते, ती हवा तुम्हाला छातीकडून वर उचलते, पाय खाली जातात, शरीर तिरकं होऊन पाण्याला आडवं येतं. त्यात फिन्सचा प्रत्येक फटका तळाला, गाळाला किंवा प्रवाळाला. पहिल्या डाइव्हला असं तपासा: शेवटी ५ मीटरवर, सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले, बीसीडी पूर्ण रिकामं, नेहमीसारखा श्वास. एका जागी तरंगत राहिलात तर वजन बरोबर. खाली बसत असाल तर एक किलो काढा, वर निघत असाल तर एक घाला. सुरुवातीला का नाही तपासायचं? कारण २०० वरून ५० बारपर्यंत येताना जवळजवळ दोन किलो हवा खर्च होते. डाइव्हच्या आरंभी ठीक वाटलेलं वजन सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधी ५ मीटरवर घेतात त्या थांब्याला) अपुरं पडतं आणि माणूस बुचासारखा वर येतो.

वर्षभर पाण्यात नव्हता, तेव्हा पहिल्या दिवशी सकाळी रिफ्रेशर, म्हणजे उजळणी, घ्याच. मास्क काढून घालणं, रेग्युलेटर शोधणं, हवा वाटून घेणं आणि वर सांगितलेलं वजन, या चार गोष्टी त्यात झाल्याच पाहिजेत. नुसतं 'चला, उथळात एक डाइव्ह मारू' याला रिफ्रेशर म्हणत नाहीत.

---

दर्यावर्दी

पाणकावळा, तारखांचं पटलं, पण पार मेलेलं पाणीही नको. मऊ प्रवाळ ओढीतच फुलतो, त्याचं खाणं ओढीबरोबर येतं. पाणी थांबलं की तो आक्रसून लोंबतो आणि हिन देंगसारख्या जागी, जिथे लोक केवळ त्या लाल-जांभळ्या भिंती बघायला जातात, तिथे निराशा होते. अर्थात हिन देंग-हिन मुआंग ओपन वॉटरवाल्यांसाठी नाहीच. मुआंगचा माथासुद्धा पाण्याबाहेर येत नाही आणि भिंत ६० मीटरच्या पार खाली जाते. नवख्यांसाठी नवमी-दशमी बरोबर आहे.

आता भिंत. वाळूच्या उतारावर तळ तुम्हाला थांबवतो, भिंतीला तळ नसतो किंवा २५-२८ मीटरवर असतो. मासे बघत बघत १८ चे २४ कधी होतात कळत नाही. उपाय एकच: भिंतीपासून दोन-तीन मीटर अंतर, डोळ्यांसमोर भिंतीची एखादी खूण आणि दर मिनिटाला डाइव्ह कॉम्प्युटरवर (खोली आणि वेळ दाखवणाऱ्या मनगटी यंत्रावर) नजर. कॉम्प्युटर प्रत्येकाच्या मनगटावर हवा. दोघांत एक चालत नाही.

ओढ बेटावर येऊन आदळते तिथे ती दुभंगते. दोन्ही टोकांना वळताना तिचा वेग वाढतो आणि मागच्या बाजूला पाणी शांत, कधी उलटं फिरणारं असतं. चांगला गाइड मागच्या शांत बाजूला उतरवतो आणि टोकाच्या अलीकडे वळवतो. बिदा नोकला एका अंगाला सरळ भिंत आणि दुसऱ्या अंगाला उथळ प्रवाळाचा खळगा आहे. भिंतीकडून सुरुवात करून शेवटची पंधरा मिनिटं त्या उथळात घालवायची, हवाही पुरते. टोकाशी मासे एका दिशेला तोंड करून जागच्या जागी पोहताना दिसले, मऊ प्रवाळ एका बाजूला झुकलेला दिसला, की पुढे ओढ आहे समजा आणि तिथूनच मागे फिरा. बुडबुडे वर जायच्या ऐवजी आडवे किंवा खाली जाताना दिसले तर पाणी खाली ओढतंय. भिंतीची उघडी, प्रवाळ नसलेली जागा धरा, आडवे सरकत त्या झोतातून बाहेर पडा. बीसीडी फुगवून वर येण्याच्या नादी लागू नका: झोत सुटला की तीच हवा तुम्हाला सरळ वर फेकते.

गुहांचं उत्तर तीन भागांत आहे, कारण 'गुहा' म्हणून तिथे तीन निरनिराळ्या गोष्टी दाखवतात.

एक म्हणजे आरपार बोगदा. आत शिरतानाच पलीकडचा उजेड दिसतो, दोन माणसं शेजारी शेजारी जातील एवढी रुंदी, लांबी पाच-सात मीटर, खोली १८ च्या आत. तोल राखता येत असेल तर गाइडबरोबर ओपन वॉटरवाल्याने जायला हरकत नाही. बेडकासारखे पाय मारायचे, म्हणजे फिन्सचा फटका मागे जातो, खाली नाही. वरखाली पाय मारणाऱ्याने तळचा गाळ उठवला की त्याच्या मागच्या माणसाला हात दिसत नाही. ओळीत शेवटी जाऊ नका.

दुसरी उभी चिमणी. को हाच्या पहिल्या बेटाजवळची चिमणी प्रसिद्ध आहे: १५-१८ मीटरच्या पट्ट्यात आत शिरायचं आणि ५-६ मीटरवर बाहेर. दिसते सोपी, चूक मात्र इथेच होते. १६ मीटरवर दाब २.६ बार, ५ मीटरवर १.५. बीसीडीतली हवा पावणेदोनपट फुगते, आणि अरुंद जागेत इन्फ्लेटरचा (बीसीडीत हवा भरायच्या-सोडायच्या नळीचा) हात वर न करता माणूस उभाच्या उभा वर खेचला जातो, डोकं कपारीवर. तेव्हा शिरण्याआधी बीसीडी जवळजवळ रिकामं करा, इन्फ्लेटर डाव्या हातात उंच, हवा थोडी थोडी सोडत राहा, श्वास कधीही रोखायचा नाही, वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत. पुढचा पूर्ण बाहेर पडल्याशिवाय मागच्याने आत शिरायचं नाही, कारण पुढच्याचे बुडबुडे छतावरचा चुरा खाली पाडतात. तोल अजून पक्का नसेल तर बाहेरून भिंतीने वर या. बघायला तिथेही पुष्कळ आहे.

तिसरी खरी विवरं. को हा याईचं 'कॅथीड्रल' त्यातलं, आत वर येऊन छत बघता येतं. नियम असा की दाराचा उजेड सतत दिसत राहिला पाहिजे, पृष्ठभागापासून खोली आणि आत शिरलेलं अंतर मिळून ४० मीटरच्या आत राहिलं पाहिजे, आणि हवेचा एक तृतीयांश संपला की, म्हणजे २०० पैकी ६५-७० बार, मागे फिरायचं. प्रत्येकी दोन टॉर्च. आत वर आलात तरी रेग्युलेटर तोंडातून काढायचा नाही, बंदिस्त हवेचा भरवसा नसतो. याच्याही पलीकडे आतली वळणं, काळोख असेल, तर ते केव्ह डायव्हिंग. त्याचं वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी सामग्री. गाइड 'काही होत नाही' म्हणाला तरी अंगठा वर करून (पाण्यात त्याचा अर्थ 'डाइव्ह संपवा, वर चला') बाहेर.

आणि हात कुठे टेकता ते बघा. चुनखडी वस्तऱ्यासारखी कापते, वर कालवांच्या कडा, कपारीच्या ओठाखाली लायनफिश आणि दगडासारखा दिसणारा स्कॉर्पियनफिश. काटा टोचला तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास भाग बुडवून ठेवायचा. ते विष उष्णतेने निकामी होतं. गरम पाणी बोटीवर चहाचं असतंच, साधं पाणी मिसळून घ्या. आधी न दुखावलेला हात घालून बघायचा, टोचलेल्या हाताला वेदनेमुळे चटका कळत नाही.

---

हळूकासव

सगळ्यांचे आभार, तारखा बदलतोय. दोन शंका. डाइव्ह संपल्यावर वर येताना बोटींचं काय? व्हिडिओत लांब शेपटाच्या बोटी धडाधड फिरताना दिसतात. आणि चालोंगहून किंग क्रूझरचं जहाज बघायला नेतात, ते करावं का? गोप्रो न्यायचा विचार आहे.

---

दर्यावर्दी

बोटींची भीती रास्त आहे. पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे इंजिन ऐकू येतं पण कुठल्या बाजूने येतंय ते कानाला कळत नाही. म्हणून एसएमबीशिवाय (बोटींना दिसावी म्हणून खालून वर सोडायची फुगवायची नळी) वर यायचं नाही. गाइडकडे एक असतो, तुमच्या जोडीकडे स्वतःचा हवाच. दीड मीटर लांबीचा केशरी, खालून तोंड असलेला, आणि १५ मीटर दोरीचा बोटात धरायचा स्पूल. रॅचेटचा मोठा रील नवख्यांनी घेऊ नये, अडकतो.

सोडायचा असा. सेफ्टी स्टॉपच्या आधी ६ मीटरवर भिंतीपासून दहाएक मीटर बाहेर निळ्यात या. वर बघा, डोक्यावर बोट नाही ना. बडीने (जोडीदाराने) समोर येऊन तुमच्या खोलीवर लक्ष ठेवायचं. एसएमबी उलगडा, क्लिप काढून स्पूल मोकळा करा, दोरी बीसीडीला किंवा सिलिंडरला कुठे वेढलेली नाही हे हाताने चाचपा. तोंडाने किंवा पर्यायी रेग्युलेटरने एक फुंकर, इतकी की तो उभा राहील. मग श्वास सोडून फुप्फुसं हलकी करा, दुसरी मोठी फुंकर आणि लगेच सोडून द्या. स्पूल अंगठा आणि मधल्या बोटात अलगद धरायचा, फिरू द्यायचा. वर पोचला की दोरी ताठ ठेवा, नाहीतर नळी आडवी पडते आणि कुणाला दिसत नाही.

बिघडतं ते ठरावीक. स्पूल अडकला आणि माणसाने तो हातात घट्ट धरला, की ५ मीटर दोन सेकंदांत वर. अडकला की सोडा, वस्तूच आहे, गेली तर गेली. दोरी स्वतःच्या बीसीडीला क्लिप करून ठेवायची नाही. फुंकर घालताना श्वास रोखला की तुम्हीच एक-दीड मीटर वर सरकता. घरी दोरी उलगडून-गुंडाळून आणि पूलमध्ये तीनचार वेळा सोडून बघा.

भिंतीपासून दूर का, तर कड्याच्या पायथ्याला भरतीरेषेवर पाण्याने आत कोरलेली खोल खाच असते. ५ मीटरवर थांबा घेताना हेलकावा तुम्हाला हळूहळू तिच्याखाली नेतो. तिथे वर आलात तर डोक्यावर दगडाचं छत आणि लाट खालून उचलतेय. बोटही तिथे आत येऊ शकत नाही.

किंग क्रूझर: फुकेत-फी फी मार्गावरची ८५ मीटर लांबीची फेरी, ४ मे १९९७ ला ॲनिमोन रीफवर आपटून बुडाली. तळ ३०-३२ मीटरवर, वरचा भाग आता बराच कोसळलाय, आत शिरायचं नाही. मोकळ्या समुद्रात आहे, ओढ असते, दृश्यता बहुधा कमी. ॲडव्हान्स्डशिवाय (ओपन वॉटरच्या पुढच्या प्रमाणपत्राशिवाय) करू नये असं माझं मत.

---

पाणकावळा

इथे थोडा मतभेद. जहाजाचा वरचा भाग १५-१८ मीटरवर आहे, दुकानं ओपन वॉटरवाल्यांना नेतातही. पण त्याच सहलीत शार्क पॉइंट आणि को दोक माई असतात, ती जास्त भावतील. को दोक माई हा एकच चुनखडीचा सुळका, भोवती २५-३० मीटरपर्यंत भिंत, कपारींत समुद्रघोडे, पाइपफिश, रंगीत गोगलगाई. हळू पोहणाऱ्याला सगळ्यात जास्त तिथेच दिसतं. जहाजाची डाइव्ह वगळून बाकीच्या दोन घेता येतात का हे आदल्या दिवशी विचारा.

गोप्रोचं म्हणाल तर २०२५ पासून थायलंडमध्ये पाण्याखाली कॅमेरा वापरायला ॲडव्हान्स्ड किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र किंवा ४० डाइव्हची नोंद मागतात. तुमच्याकडे दोन्ही नाहीत, तेव्हा कॅमेरा खोलीवर. तोल सांभाळायला दोन्ही हात मोकळे असलेले बरे. लॉगबुक मात्र न्या.

पिवळ्या-जांभळ्या तोंडाचा हातभर ट्रिगरफिश तळाशी खळगा करून राखण करताना दिसला तर वर पळू नका. त्याचा इलाका घरट्यापासून वरच्या दिशेने पसरत जातो. त्याच खोलीवर आडवं पोहत, फिन्स त्याच्याकडे ठेवून निघून जा.

---

भिंगरी

पाण्याबाहेरच्या गोष्टी कुणीच लिहिल्या नाहीत, त्या लिहिते.

दुकानात पोचलात की आरोग्याची प्रश्नावली भरायला देतात. दमा, रक्तदाब, मधुमेह, कान-सायनसची शस्त्रक्रिया, ४५ च्या पुढे धूम्रपान किंवा कोलेस्टेरॉल, असल्या प्रश्नांना 'हो' आलं की डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरवत नाहीत. ती सही तिथे ऐन वेळी मिळवण्यात एक दिवस जातो. प्रश्नावली संस्थांच्या साइटवर मिळते, इथेच भरून आपल्या डॉक्टरांची सही-शिक्का घ्या.

सर्दी असेल तर डाइव्ह नाही. गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर पाण्यात संपला तर वर येताना सायनसमधली हवा कोंडते, तो प्रकार खाली जाताना कान दुखण्यापेक्षा वाईट. शिवाय स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या थायलंडमध्ये नियंत्रित औषधांत मोडतात, पिशवीत टाकून नेऊ नका. बोट लागते त्यांनी गोळी आदल्या रात्री एकदा घेऊन झोप किती येते ते घरीच बघावं. रोज डाइव्ह झाली की कान गोड्या पाण्याने धुवून कोरडे करा. चौथ्या दिवशी कानाला हात लावू देत नाही अशी अवस्था बहुतेकांची यामुळेच होते.

विम्याची पॉलिसी उघडून 'स्कूबा' शब्द शोधा. बऱ्याच प्रवासविम्यांत तो वगळलेल्या खेळांत असतो किंवा खोलीची मर्यादा असते. हायपरबॅरिक चेंबरचा उपचार भरपाईत येतो का, हे लेखी विचारा. चेंबर फुकेतला आहे. त्याचा खर्च खिशातून करण्याजोगा नसतो, त्यामानाने डायव्हिंगचा स्वतंत्र विमा स्वस्त.

परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी. अनेक दिवस लागोपाठ डाइव्ह केल्यावर मी २४ धरायला सांगेन. तो मोकळा दिवस क्राबीच्या वाघगुहेच्या देवळाला द्यायचा मोह होतो. हजारावर पायऱ्या आहेत. डाइव्हच्या दिवशी एवढे श्रम नकोत, त्या मोकळ्या दिवशीही सकाळी नको. थाई मसाजही डाइव्हनंतर लगेच नको. रगडून घेतल्यावर खांदा दुखायला लागला तर तो मसाजमुळे की डीकंप्रेशनमुळे हे डॉक्टरलाही कळणार नाही.

ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून बंद आहेत. पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड घाला, प्रश्नच मिटतो. माया बीचला बोट पुढून आत जाऊ शकत नाही. २०१८ ते २०२२ बंद ठेवल्यानंतर आता मागच्या लो सामाच्या बाजूने उतरून चालत जायचं असतं.

दुकान ठरवताना ईमेलमध्ये विचारायचं: एका गाइडमागे किती जण (चाराच्या वर नको), बोटीवर ऑक्सिजनची किट आहे का, कॉम्प्युटर आणि उद्यानाचं शुल्क किमतीत धरलंय का, आमच्या अनुभवाला साजेशा जागा कोण ठरवतं आणि ओढ जास्त निघाली तर दुसरी जागा देता का. शेवटच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा.

---

हळूकासव

कृष्ण अष्टमीपासून चार दिवस पक्के केले, आधी लांता आणि मग फी फी. मेव्हण्याच्या कागदावर क्रमांकच नाही.

---

पाणकावळा

क्रम उलटा करा. को हा शेवटी ठेवा, तोवर रिफ्रेशर आणि बिदाच्या दोन-तीन डाइव्ह होऊन वजन जुळलेलं असेल, भांगही मधोमध येईल. मेव्हण्याचं ओपन वॉटर लांतालाच लावा, आणि तो तुमच्या दोन दिवस आधी निघू शकत असेल तर उत्तम. तुम्ही पोचाल तेव्हा त्याच्या समुद्रातल्या पहिल्या दोन डाइव्ह झालेल्या असतील आणि उरलेल्या दोन तुमच्याच बोटीवरून को हाला उरकता येतील. तसं जमतं का ते बुकिंगच्या वेळीच विचारा, सगळ्या दुकानांची शिकाऊंची बोट आणि बाकीच्यांची बोट एक नसते.